आठाचे चोवीस: रॅम वाढवताना गेलेले अठरा दिवस

१ तारखेला, शनिवारी सकाळी, कॅबिनेटच्या मागचे दोन स्क्रू काढले तेव्हा काम दुपारच्या आत उरकेल असं धरून चाललो होतो. तेच दोन स्क्रू पुन्हा लावले ते १८ तारखेला रात्री. मधल्या दिवसांत रॅमची एक चुकीची पट्टी विकत घेऊन झाली, एक बरोबर पट्टी परत पाठवता पाठवता राहिली, आणि शेवटी कळलं की मशीनमधली जुनी आणि ही बरोबर नवी, दोन्ही पट्ट्या ठणठणीत होत्या. घोळ मी स्वतः, एक बटण दाबून घातला होता. कुणी याच वाटेवर अडकलं असेल तर निदान माझे खड्डे तरी चुकवता येतील, म्हणून सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

मशीनची कुंडली आधी. इंटेलचा आठव्या पिढीचा आय५-८४०० प्रोसेसर, बी३६० चिपसेटचा मदरबोर्ड, रॅमचे चार स्लॉट आणि त्यांतल्या एकात ८ जीबीची एकुलती एक पट्टी. माझं काम पुस्तकांच्या मांडणीचं. चारशे पानांची फाइल, त्यात मोठी चित्रं, बाजूला ब्राउझरचे वीसेक टॅब. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या खाली उतरतच नव्हती. रॅम भरली की विंडोज तिच्यातला माल डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. ही ने-आण सुरू झाली की पान उलटायला चार-पाच सेकंद लागायचे. प्रोसेसर मात्र त्या वेळी १५ टक्क्यांवर आरामात बसलेला. म्हणजे मशीन बदलायची गरज नव्हती, फक्त रॅम कमी पडत होती. हे आधी पाहून घ्या. प्रोसेसरच शंभर टक्क्यांवर धापा टाकत असेल तर रॅम घालून काही हाती लागत नाही.

झाकण काढण्याआधी वीज बंद केली, वायर उपसली, आणि पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरलं. सप्लायमध्ये उरलेला करंट निघून जातो. मग कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावला, म्हणजे अंगातली स्थिर वीज तिथेच जिरते. पट्टी कडांना धरून बाहेर काढली आणि खिडकीशी नेऊन तिच्यावरचं लेबल वाचलं. त्यावर लिहिलेलं असं:

८जीबी १आरएक्स८ पीसी४-२४००टी-यूए२-११

या ओळीचा अर्थ त्या दिवशी मला अर्धाच कळला, आणि त्याची किंमत मोजावी लागली. आता सगळा सांगतो. पीसी४ म्हणजे डीडीआर४, रॅमची चौथी पिढी. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकाची पट्टी दुसऱ्याच्या स्लॉटमध्ये बसतच नाही. बसत नसेल तर जोर लावू नका. २४०० हा वेग, सेकंदाला २४०० दशलक्ष देवाणघेवाणी. त्यामागचा टी हा टायमिंगचा दर्जा, म्हणजे १७-१७-१७. मेमरी उत्तर द्यायला घड्याळाचे किती ठोके घेते, त्याचे हे आकडे. १आरएक्स८ म्हणजे एक रँक (एकदम काम करणारा चिपचा एक गट), आणि प्रत्येक चिप ८ बिट रुंद. मेमरीचा रस्ता ६४ बिटांचा असतो, म्हणून अशा आठ चिप शेजारी शेजारी लागतात. माझ्या पट्टीवर मोजल्या, बरोबर आठ निघाल्या. शाळेतल्या गणिताचं उत्तर पुस्तकामागे जुळल्यासारखं वाटलं.

यूए२ मधल्या 'यू'कडे मात्र मी बघितलंच नाही. घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं.

त्याच दुपारी एका जुन्या सामानाच्या साइटवर १६ जीबीची वापरलेली पट्टी दिसली. डीडीआर४, २४००, २८८ पिन, 'टेस्टेड'. भाव नव्या पट्टीच्या निम्म्याहून कमी. माझ्या यादीतली प्रत्येक गोष्ट जुळत होती. मागवली. गुरुवारी, ६ तारखेला ती हातात आली. खाच जुळली, पट्टी बसली, क्लिप टक्कन लागली. बटण दाबलं. पंखे फिरले, दोन-तीन सेकंदांनी थांबले, पुन्हा फिरले, पुन्हा थांबले. पडदा काळा. मदरबोर्डच्या कडेला चार बारीक दिवे असतात, त्यांतला 'डीरॅम' लिहिलेला पेटून राहिला. पट्टी काढली, पुसली, दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली. तेच. जुनी काढून नुसती नवी लावली. तेच.

माझी मामेबहीण सर्व्हरच्या देखभालीचं काम करते. रात्री तिला फोन लावला आणि काय काय करून पाहिलं त्याचं पुराण सुरू केलं. तिने मध्येच थांबवलं.

"दादा, आधी पट्टीचा फोटो पाठव. दोन्ही बाजूंचा."

पाठवला. अर्ध्या मिनिटात तिचा परत फोन. "अरे, ही आमच्याकडची आहे! मधोमध ती आडवी वेगळी चिप दिसते का? आणि लेबलवर यूच्या जागी काय लिहिलंय वाच."

वाचलं. २आरएक्स४ पीसी४-२४००टी-आरए१. आर. म्हणजे रजिस्टर्ड.

सर्व्हरमध्ये एकेका प्रोसेसरला डझनभर पट्ट्या लावतात. एवढ्या सगळ्यांपर्यंत पत्ते आणि आज्ञा पोचवताना मेमरी कंट्रोलरवर ताण येतो, म्हणून पट्टीच्या मधोमध एक रजिस्टर चिप असते. ती आज्ञा झेलते आणि ताज्या दमाने पुढे पाठवते. डेस्कटॉपच्या प्रोसेसरला या मध्यस्थाशी बोलताच येत नाही, म्हणून मशीन सुरूच होत नाही. डीडीआर४ मध्ये दोन्ही प्रकारांची खाच आणि पिन सारख्याच, त्यामुळे पट्टी बिनबोभाट बसते आणि माणूस फसतो. डीडीआर५ मध्ये खाचेची जागाच वेगळी केली आहे, तिथे ही चूक करायची सोय उरलेली नाही. लेबल दिसत नसेल तर चिप मोजा. माझ्या हातातल्या त्या पट्टीवर दोन्ही बाजू मिळून छत्तीस होत्या, शिवाय मधली रजिस्टर. ६४ ऐवजी ७२ बिटांचा हिशोब असतो, वरचे ८ चूक पकडण्यासाठी. डेस्कटॉपच्या साध्या पट्टीवर एका बाजूला बहुधा आठ किंवा चार चिप दिसतात. नऊच्या पाढ्यात आकडा आला की सावध व्हायचं.

विकणाऱ्याने खोटं काही लिहिलं नव्हतं. त्याने ती तपासलीही असेल, पण सर्व्हरवर. परत घ्यायला तो तयार झाला, परतीचा टपालखर्च मात्र माझ्या माथी. पैसे अकरा दिवसांनी, १७ तारखेला खात्यात आले. स्वस्ताईचा फायदा जवळजवळ तिथेच संपला.

दुधाने तोंड पोळलेलं, आता ताक फुंकून प्यायचं ठरवलं. मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवर तपासलेल्या मेमरीची यादी असते, तिला क्यूव्हीएल म्हणतात. ती उतरवून घेतली. यादीतल्या बहुतेक पट्ट्या आता विक्रीलाच नव्हत्या. बोर्ड बाजारात आला तेव्हा जे उपलब्ध होतं ते त्यांनी तपासलं, पुढे यादीला फारसा कुणी हात लावत नाही. यादीत नाव असलं तर निर्धास्त व्हावं. नसलं तर पट्टी चालणार नाही असा मात्र अर्थ होत नाही.

८ तारखेला नवी कोरी पट्टी मागवली. १६ जीबी, डीडीआर४ ३२००, सीएल१६ (टायमिंगचा पहिला आकडा १६), १.३५ व्होल्ट, डेस्कटॉपसाठी, अनबफर्ड, म्हणजे लेबलवर 'यू' असलेली, मधे रजिस्टर नसलेली. माझा प्रोसेसर अधिकृतपणे २६६६ पर्यंतच चालवतो आणि बी३६० बोर्ड त्याच्या वर जाऊच देत नाही, हे माहीत होतं. पण जास्त वेगाची पट्टी कमी वेगाने चालते, त्यात तिचं काही बिघडत नाही. शिवाय २६६६ वाली आणि ३२०० वाली यांच्या भावात तेव्हा नावापुरता फरक होता. पुढेमागे बोर्ड बदलला तर वरचा वेग कामी येईल, असाही विचार केला.

बुधवारी, १२ तारखेला ती आली. काळ्या ॲल्युमिनियमच्या जॅकेटमध्ये, दिमाखदार. जुनीच्या अगदी शेजारच्या स्लॉटमध्ये बसवली. बटण दाबलं. पंखे, थांबले, पंखे, काळा पडदा, डीरॅमचा दिवा. घशाला कोरड पडली, खरं सांगतो. परत तेच?

या वेळी मात्र घाई केली नाही. टॉर्च घेऊन खाली वाकलो. माझ्या बोर्डावर स्लॉटच्या एकाच टोकाला हलणारी क्लिप आहे, दुसरं टोक ग्राफिक्स कार्डाच्या बाजूला आणि पक्कं. क्लिपच्या बाजूने पट्टी नीट खाली गेली होती, आवाजही आला होता. दुसऱ्या टोकाला सोनेरी संपर्कांची बारीक रेघ अजून वर दिसत होती. जेमतेम अर्धा मिलिमीटर. एका टोकाची टक् ऐकून मी दोन्ही टोकं बसली असं गृहीत धरलं होतं. डीडीआर४ च्या पट्टीची खालची कड मधे किंचित फुगीर असते, एकदम सगळ्या पिनांवर जोर येऊ नये म्हणून. त्यामुळे ती डुलत डुलत बसते आणि अर्धवट बसलेलीही बसल्यासारखी दिसते. दोन अंगठे दोन टोकांना ठेवून सरळ खाली दाबलं. दुसरा, दबका आवाज आला.

सुरू केलं. पुन्हा काळा पडदा. मी उठून बटणाकडे हात नेला आणि तेवढ्यात बहिणीचं वाक्य आठवलं, "नवी रॅम लावल्यावर पहिल्यांदा थोडा वेळ दे तिला." मशीन नव्या मेमरीशी ओळख करून घेताना सिग्नलची वेळ जुळवून पाहतं, त्याला ट्रेनिंग म्हणतात. त्या काळात पडद्यावर काहीही दिसत नाही आणि एखाद-दोनदा ते आपलं आपण बंद-चालूही होतं. माझ्या मशीनला साधारण चाळीस सेकंद लागले. डीडीआर५ च्या मशीनना काही वेळा कित्येक मिनिटं लागतात, तिथे तर घड्याळ लावूनच बसा. आधीच्या झटापटीत मी दर वेळी पंधराव्या सेकंदाला बटण दाबत होतो. सर्व्हरची पट्टी तशीही चालणार नव्हती म्हणा, पण ही सवय चांगल्या पट्टीच्याही मुळावर आली असती.

विंडोज उघडलं. २४ जीबी! जीव भांड्यात पडला.

सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर उघडलं तर मेमरीच्या पानावर चॅनल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधला रस्ता, 'सिंगल'. म्हणजे शेजारी शेजारी लावून मी दोन्ही पट्ट्या एकाच चॅनलवर टाकल्या होत्या. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा, ए२ आणि बी२, असे दोन वापरायचे. ए आणि बी हे दोन चॅनल. बहुतेक बोर्डांच्या पुस्तिकेत हेच लिहिलेलं असतं. यामागे कारण आहे. अशा बोर्डांत तारा एका चॅनलच्या पहिल्या स्लॉटमधून पुढे दुसऱ्यात जातात. शेवटचा स्लॉट रिकामा ठेवला तर तारेचं मोकळं टोक उरतं आणि तिथून सिग्नल परावर्तित होऊन गोंधळ घालतो. पट्टी टोकाला लावली की ते टोक बंद होतं. नवी पट्टी चौथ्या स्लॉटमध्ये हलवली. चॅनल 'ड्युअल' झाला. ८ आणि १६ असा विषम जोड असला तरी इंटेलचे प्रोसेसर दोन्हीकडचे आठ-आठ जीबी जोडीने चालवतात आणि उरलेले ८ एकेरी.

वेग मात्र १०६६ दिसत होता. घाबरू नका, डीडीआरमध्ये घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा माहिती जाते, म्हणून त्या आकड्याला दोनने गुणायचं. २१३३. तरीही, खोक्यावर ३२०० लिहिलेली पट्टी आणि जुनी २४०० ची, तर २१३३ कुठून उपटला? पट्टीवर एक इवलीशी एसपीडी चिप असते, पट्टीची माहिती तिच्यात लिहिलेली. सीपीयू-झेडच्या एसपीडी पानावर नव्या पट्टीचे रकाने वाचले. जेडेक या संस्थेच्या प्रमाणाप्रमाणे १.२ व्होल्टवर तिचा वरचा वेग होता २१३३, टायमिंग १५-१५-१५. खोक्यावरचे ३२०० वेगळ्या रकान्यात, एक्सएमपी नावाखाली, १.३५ व्होल्टसह. एक्सएमपी ही इंटेलची सोय आहे, पट्टीतच साठवलेली ठरीव सेटिंगं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये, जाऊन आपण ती चालू केली तरच लागू होतात. नाहीतर बोर्ड सगळ्या पट्ट्यांना झेपेल असा प्रमाण वेग धरतो, इथे २१३३.

इथे थांबलो असतो तर हा लेख निम्म्यावर संपला असता. पण आपण ३२०० चे पैसे दिलेत आणि २१३३ वर चालवतोय, हे मनाला खात होतं. १३ तारखेला कुठल्याशा व्हिडिओत 'एक्सएमपी चालू करा, फुकटचा वेग मिळवा' ऐकलं. बायोसमध्ये गेलो, एक्सएमपी चालू केलं, एफ१० दाबून बाहेर. विंडोज उघडलं, वेग २६६६. स्वतःवर खूश होऊन झोपलो.

१४ ला सकाळी निळा पडदा, म्हणजे विंडोज कोसळल्याची खूण. त्यावर चुकीचं नाव, मेमरी मॅनेजमेंट. दुपारी आणखी एक, या वेळी नाव वेगळं, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. दर वेळी वेगळं नाव येत असेल तर संशयाची सुई बहुधा रॅमकडे जाते. एकाच ड्रायव्हरचा दोष असेल तर तोच तोच संदेश फिरून येतो. पण निळ्या पडद्यापेक्षा मला जास्त घाबरवलं ते संध्याकाळी. तयार केलेल्या पीडीएफचं २१२ वं पान उघडेना. मूळ फाइल नीट होती, फक्त लिहिताना मधे कुठेतरी एखादा बिट पलटला होता. खराब रॅम नुसती मशीन बंद पाडत नाही, मुकाट्याने चुकीचं लिहूनही ठेवते. म्हणून नवी रॅम तपासून होईपर्यंत महत्त्वाच्या फाइलींवर काम करू नका, आणि बॅकअपवर तर त्या मशीनने काही लिहूच देऊ नका.

शनिवार, १५ तारीख. पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ टाकलं. हे विंडोज सुरू होण्याआधीच चालतं, म्हणून जवळजवळ सगळी मेमरी तपासू शकतं. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात, मला तेवढ्या पुरल्या. विसाव्या मिनिटाला पहिली लाल ओळ उमटली. एका पत्त्यावर जे लिहिलं आणि जे परत वाचलं त्यात एका बिटाचा फरक, १ हवा तिथे ०. मग दुसरी. पाऊण तासात चोपन्न.

अर्थात नवी पट्टी खराब, असं मी ठरवूनही टाकलं. परतीचा अर्ज अर्धा भरला. त्यात 'एकेक पट्टी वेगळी लावून पाहिली का?' असा रकाना होता. नव्हती पाहिली. त्या रकान्याचे आभार मानायला हवेत.

मग वही काढली आणि कोष्टक आखलं. नुसती जुनी, ए२ मध्ये: दोन फेऱ्या, चुका शून्य. नुसती नवी, ए२ मध्ये, एक्सएमपी चालू: शून्य. नुसती नवी, बी२ मध्ये: शून्य, म्हणजे स्लॉटही निर्दोष. दोन्ही एकत्र, एक्सएमपी चालू: चुका. यात सगळा शनिवार गेला, कारण एकेका फेरीला तासाच्या आसपास लागतो. मधेच खोडरबराने जुन्या पट्टीचे संपर्क हलक्या हाताने पुसून पाहिले. मऊ खोडरबर घ्या, चुरा पूर्ण झटका, आणि सोनेरी मुलामा पातळ असतो, घासत बसू नका. माझ्या बाबतीत फरक शून्य, पण धूळ खाल्लेल्या मशीनमध्ये हे कधी कधी लागू पडतं.

बायोसची नवी आवृत्तीही टाकली. तिच्या माहितीत 'मेमरी कंपॅटिबिलिटी सुधारली' असं मोघम वाक्य होतं, ते जवळजवळ प्रत्येक आवृत्तीत असतं. एक गोष्ट मात्र पाळली. अपडेट करताना फक्त जुनी, खात्रीची पट्टी लावून ठेवली. चुका देणाऱ्या रॅमवर बायोस लिहायला जाणं म्हणजे पाटाचं पाणी गढूळ असताना विहीर उपसणं. दुसरं, विंडोजमध्ये डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा, अपडेटनंतर मशीन ती मागू शकतं. अपडेटनंतर एक्सएमपी बंद होऊन मूळ सेटिंगं आली. दोन्ही पट्ट्या लावून एक फेरी चालवली. शून्य. आनंदाच्या भरात एक्सएमपी पुन्हा चालू केलं. चुका परत हजर.

तेव्हा कुठे दिवा पेटला. रविवारी सकाळी वहीत हिशोब मांडला. एक्सएमपीने नव्या पट्टीची टायमिंगं, १६-१८-१८, उचलली होती. बोर्ड ३२०० ला जाऊ शकत नाही म्हणून त्याने वेग २६६६ वर कापला, टायमिंगं तशीच ठेवली, आणि ती दोन्ही पट्ट्यांवर लादली. २६६६ ला खरं घड्याळ १३३३ मेगाहर्ट्झचं. १६ ठोके म्हणजे १२ नॅनोसेकंद. माझी जुनी पट्टी २४०० ला १७ ठोक्यांची, म्हणजे १२०० मेगाहर्ट्झवर सुमारे १४.२ नॅनोसेकंद. जिला उत्तर द्यायला सव्वाचौदा लागतात तिच्याकडून मी बारात मागत होतो. बिचारी बहुतेक वेळा देतही होती, चोपन्न वेळा चुकली. आणि तिच्या डोक्यावर १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट.

म्हणजे मी ज्या नवीला परत पाठवायला निघालो होतो ती निर्दोष, आणि चुकत होती ती सहा वर्षं इमानाने चाललेली जुनी. तिचाही दोष नाही.

दरम्यान पट्टीच्या कंपनीला शुक्रवारीच ईमेल केला होता, त्याचं उत्तर रविवारी दुपारी आलं. एका खोक्यात विकलेल्या संचापुरतीच आम्ही हमी देतो, वेगळ्या पट्ट्या एकत्र चालतील याची नाही, असं सौम्य भाषेत. तोवर माझं उत्तर मला सापडलं होतं, पण मुद्दा खरा आहे. आज नव्याने घ्यायचं असतं आणि जुनी पट्टी छोटी असती, तर मी सरळ दोनाचा संच घेऊन जुनी काढून ठेवली असती. ८ जीबी फेकवत नाहीत म्हणून हा संसार मांडला.

एक्सएमपी बंद केलं. २१३३ वर सगळं सुरळीत. पण निदान जुनीच्या २४०० ला तरी पोचावं, ही खाज होतीच. हाताने आकडे भरले आणि एका ठिकाणी १७ ऐवजी ७ टाइप केला. मशीन मेलं. तीनदा प्रयत्न करूनही परत आलं नाही, म्हणून वीज काढून सीमॉस, म्हणजे बायोसची सेटिंगं साठवणारी जागा, साफ केला. बोर्डावर त्यासाठी दोन पिना असतात, त्या काही सेकंद स्क्रूड्रायव्हरने जोडायच्या. नाहीतर सीआर२०३२ ची गोल बॅटरी पाच-दहा मिनिटं काढून ठेवायची. मी बॅटरी काढली. मशीन उठलं, पण ब्राउझर एकही साइट उघडेना, प्रत्येक ठिकाणी सुरक्षेचा इशारा. वीस मिनिटं नेटवर्कला शिव्या दिल्यावर कोपऱ्यातली तारीख दिसली, कित्येक वर्षं मागे गेलेली. बॅटरी काढली की घड्याळही विसरतं. तारीख दुरुस्त केली, साइट उघडल्या. सीमॉस साफ करण्याआधी बायोसच्या महत्त्वाच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, विशेषतः डिस्क आणि बूटची सेटिंगं. ती बदलली तर विंडोज सुरूच होत नाही, आणि माणसाला वाटतं रॅमनेच घात केला.

दुसऱ्या खेपेला चष्मा लावून भरलं. २४००, १७-१७-१७-३९, १.२ व्होल्ट. सोमवारी रात्री चारही फेऱ्या लावून झोपलो. सकाळी हिरवी चौकट, चुका शून्य. २१३३ आणि २४०० मधला फरक कामात जाणवला का? अजिबात नाही. ८ आणि २४ मधला मात्र पहिल्याच मिनिटाला. तीच चारशे पानांची फाइल, तेच टॅब, मेमरी ५५ टक्क्यांवर, आणि पान उलटताना बोटाच्या मागे पान. २१२ व्या पानासह पीडीएफ पुन्हा तयार केली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांखालून घातली. मंगळवारी, १८ तारखेला, दिवसभर काम करून एकही निळा पडदा आला नाही, तेव्हा रात्री झाकण लावायला घेतलं.

लावण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने एक कागद लावला. त्यावर दोन्ही पट्ट्यांची लेबलं जशीच्या तशी उतरवलेली, कोणती कुठल्या स्लॉटमध्ये ते, चालणारे आकडे, आणि खाली लाल पेनने: एक्सएमपी बंद आहे. मुद्दाम आहे. हात लावू नये.